भिकाची सव्वा मूठ

भिकाचे ओठ जांभळे पडले होते. झोळीतून उचलला तेव्हा त्याची मान माझ्या हातावरून मागे कलंडली आणि तशीच लोंबत राहिली. मी त्याला हलवलं, गालावर चापट मारली, तळपायाला चिमटा काढला. एरवी तेवढ्यावर तो घर डोक्यावर घ्यायचा. आज हूं नाही की चूं नाही. बाहेर ओट्यावर बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या. माय चुलीपुढे पुरणपोळी उलटत होती आणि तुपाच्या धुराने खोली भरली होती. कोपऱ्यात केळीच्या खांबांच्या मखरात, चौरंगावर, नथ घातलेला आणि काजळाने डोळे रेखलेला नारळ होता. तीच आमची कानबाई. श्रावणात खानदेशी माणसाच्या घरी ती एका दिवसाची पाहुणी येते.

"माय, भिका उठत नाही."

"झोपू दे त्याला. या कालव्यात झोपला तर बरंच."

"माय, तो श्वास घेत नाही."

तिने उलथणं टाकलं. भिकाला माझ्या हातातून घेऊन दारापाशी उजेडात नेलं आणि अंगठ्याने त्याची पापणी वर केली. मी टाचा उंचावून पाहिलं. डोळ्यातली काळी बाहुली मोहरीपेक्षा बारीक झाली होती, टाचणीने टोचल्यासारखी. मायने त्याच्या तोंडाला नाक लावून वास घेतला, छातीवर कान ठेवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या फुईकडे, माझ्या आत्याकडे, पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कोनी दिधं?"

कोणी दिलं. काय दिलं, हे तिने विचारलं नाही. मी जिभेला गाठ मारली.

आता मी अडुसष्ट वर्षांची आहे. शाळा चौथीपर्यंत. लिहायला बसले त्याला कारण माझी नातसून. ती हजिऱ्याला कंपनीत जाते आणि तिची दीड वर्षाची पोर पाळणाघरात असते. माझा मुलगा रोज संध्याकाळी मोबाइलवर कुठल्या ना कुठल्या महाराजांचं प्रवचन मोठ्याने लावतो. आई घरात असावी, आई म्हणजे घराचा दिवा, असं त्यात चाललेलं असतं. नातसून भाजी चिरत ऐकते आणि सुरी जोराने आपटते. परवा मुलाने मला विचारलं, "आई, तू सांग. तुला काय वाटतं?" मी म्हणाले, लिहून देते. तोंडाने सांगायला गेले तर मधेच कोणीतरी बोलेल.

तेव्हा आम्ही सुरतेत, भेस्तानकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे एका चाळीत राहायचो. चाळ म्हणजे समोरासमोर बारा-बारा खोल्या, मधून उघडी गटार, वर पत्रा. पलीकडच्या भिंतीला लागून मागांचं खातं होतं. कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. दिवसभर खटॅक खटॅक चालायचं. ताटात पाणी ठेवलं तर त्यावर बारीक लाटा दिसायच्या. आम्हा पोरांना त्या आवाजाची इतकी सवय होती की वीज गेली आणि माग थांबले की आम्ही दचकून एकमेकांकडे बघायचो. बा त्याच खात्यात मागावर होता. मायसुद्धा कामाला जायची, दोन गल्ल्या सोडून, बॉबिन भरायला. सकाळी सातला जायची, संध्याकाळी सातला यायची. केसांत, भुवयांत रेशमाची कुस, म्हणजे बारीक तंतू, अडकलेली असायची. येताना तिच्या चोळीवर पुढे दोन ओले डाग असत. दुपारी खात्याच्या मागच्या भिंतीशी उभी राहून ती दूध पिळून टाकायची. ते भिकाचं दूध होतं. हे मला शेवंताबाईने खूप नंतर सांगितलं. शेवंताबाई तिच्या शेजारच्या यंत्रावर उभी राहायची. आमच्याच चाळीत शेवटच्या खोलीत राहायची, नवरा रेल्वेत गँगमन, घरात बुद्धाचा फोटो.

भिका नऊ महिन्यांचा होता. त्याच्या आधीचे दोन मुलगे गावाकडेच वारले, एक तेराव्या दिवशी, एक सहा महिन्यांचा होऊन. म्हणून हा भिका. भीक मागून आणला, आमचा नाहीच, असं देवाला फसवायचं. त्याला सांभाळायला बाची विधवा बहीण गावाहून आणली, तीच फुई. फुईचे गुडघे धरलेले, डोळ्याला पाणी. तिला एकटीला पोर आवरेना म्हणून माझी शाळा सोडवली. चौथीचा निकाल लागला, मी दुसरी आले होते आणि पाचवीची पुस्तकं शेजारच्या मुलीकडून मागूनही ठेवली होती. मायने ती परत करायला लावली. मी मायवर तेव्हा किती चिडले होते ते आज खोटं कशाला सांगू. मला वाटायचं, ही घरात बसली तर मी शाळेत जाईन. म्हणजे मोबाइलवरच्या महाराजांच्या आधीपासून मी महाराजांच्या बाजूची होते.

तेव्हा चाळीत एक महाराज यायचे, आमच्याच भागातले, अमळनेरकडचे. दर रविवारी दुपारी चाळीच्या टोकाला पत्र्याखाली त्यांचा सत्संग असे. ती जागा मोठेबाबांची, म्हणजे बाच्या थोरल्या चुलतभावाची. मोठेबाबा आमच्या भावकीतले वडीलधारे. त्यांचा शब्द बा खाली पडू देत नसे. महाराज गोड गळ्याचे होते. कोणाकडून दमडी घ्यायचे नाहीत. ताक-भाकरी खायचे आणि पोरांना खडीसाखर द्यायचे. वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगते. ते म्हणायचे, चूल आणि लेकरू यांच्या मधे जी बाई बसली ती देवी. ती उठून गेली की उरला फक्त चौरंग. बायका माना डोलवायच्या. त्यांच्या मांडीवर तान्ही पोरं असायची, पाच-सहा तरी. टाळ वाजत, मृदंग घुमत, पलीकडे माग खटखटत, आणि ती पोरं गाढ झोपलेली असत. महाराज एकदा हात जोडून म्हणाले, "पाहा ही लेकरं. भजनात कशी शांत झोपली. आई जवळ आहे, याची ही खूण." मी भिकाला कडेवर घेऊन मागे उभी होते. तोही झोपलेला होता. त्याची आई खात्यात होती, पण हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

श्रावण लागायच्या आधी मोठेबाबा आमच्या खोलीत आले. कानबाईला आमच्यात रोट करतात. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू आणि डाळ मोजायची, घरच्या जात्यावर दळायची, त्याच्या पुरणपोळ्या आणि खीर करायची. सोबत गंगाफळाची भाजी आणि कटाची आमटी. हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला देत नाहीत, जनावराला घालत नाहीत आणि पुनवेच्या आत तो संपवायचा. मोठेबाबा ओट्यावर बसून बाला म्हणाले, "औंदा तुझ्याकडे कानबाई बसवायची पाळी. पण सांगून ठेवतो. ज्या घरची बाई पोर टाकून खात्यात जाते, त्या घरचा रोट आम्ही तोंडात घालणार नाही. महाराजांचं ऐकलंस ना?"

बा खाली बघत म्हणाला, "ऐकलं."

"मग?"

माय आतून म्हणाली, "दादा, माझ्या पोराला फुई बघते, इंदी बघते. टाकलेला नाही."

"मी तुझ्याशी बोललो का?" मोठेबाबा म्हणाले. "आणि एक सांग, दोन पोरं देवाने का नेली, विचार केला का कधी?"

माय पीठ मळत होती, मळत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही. मला आनंद झाला. मी शेजारच्या मुलीला विचारून आले की पाचवीची पुस्तकं अजून आहेत का.

त्या आठ-दहा दिवसांत घरात जे चाललं, ते मी पाहत होते आणि गप्प होते. पहिल्या दिवशी भिका दुपारपासून जो रडायला लागला तो थांबेना. हातपाय ताठ करायचा, नाक गळायचं, घाम यायचा, मायची छाती तोंडात घेऊन सोडून द्यायचा. माय रडकुंडीला आली. म्हणाली, "माझाच पोर, मला ओळखत नाही. बरोबर बोलतात महाराज." फुईने तिला पाणी आणायला नळावर पाठवलं. डब्यांच्या फळीवर हळदीच्या डब्यामागे कागदात गुंडाळलेली काळी गोळी असायची. फुईने ती काढली, सहाणेवर पाण्याच्या थेंबात उगाळली आणि बोटाने भिकाच्या तोंडात, टाळूला लावली. मला नवीन काहीच नव्हतं. मी सात महिने हेच पाहत आले होते. नाक्यावर एक परवान्यावर अफू खाणारा म्हातारा होता, तो चोरून द्यायचा. फुई म्हणायची, "झोपेची घुटी आहे. मायला सांगू नको. बाहेर काम करते, जीव लावून घेते." माय हंडा घेऊन परतली तर भिका झोपलेला. ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली. "सवय झाली त्याला माझी," ती म्हणाली. फुईने तोंड वळवलं. रोज हेच चाललं. भिका झोपायचा आणि माय म्हणायची, बघा कसा शांत झाला, मी घरात बसले म्हणून.

तेव्हा मला यात काही वाटलं नव्हतं. मुलांना मोठ्यांचं खोटं लवकर पचतं.

रोटाचा दिवस रविवारचा. मायने सकाळी उपासाच्या अंगाने गहू मोजले. बाची सव्वा मूठ, आमच्याच खोलीत राहणाऱ्या काकाची सव्वा मूठ, आणि पहिल्यांदाच भिकाची. भिकाच्या मुठीला तिचा हात जरा वेळ सुपावर थांबला. पहिल्या दोघांची मूठ मोजायची वेळच आली नव्हती. भाऊबंद दुपारी जमले. माझ्या वयाच्या मुली ओट्यासमोर फुगड्या घालत होत्या. मी भिकाला झोळीत हलवत होते आणि तो किरकिरत होता. फुईने त्याला सकाळीच चाटवलं होतं, ते मला माहीत होतं. माय चुलीपाशी होती. बाहेरून हाका येत होत्या, "इंदे, ये ना, तुझ्यावाचून जोडी नाही!" मी फळीवर चढले, हळदीच्या डब्यामागे हात घातला. फुई उगाळायची तेव्हा सहाणेवर नुसती तपकिरी रेघ दिसायची. मला घाई होती. मी जोर लावून उगाळलं. रेघ काळी झाली. ती सगळी मी भिकाच्या टाळूला लावली, झोळीला दोन झोके दिले आणि फुगडी घालायला पळाले. किती वेळ खेळले ते आठवत नाही. दम लागेपर्यंत. मग पाणी प्यायला आत आले, झोळीत वाकून पाहिलं.

तर तिथे होतो आपण. माय दारात, भिका तिच्या हातात, आणि कोनी दिधं हा प्रश्न.

फुई पुढे आली. "मी दिधं," ती म्हणाली. "सकाळे. एकच डाव. मोहरी इतलं." सकाळी, एकदाच, मोहरीएवढं.

मायने तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. भिकाला छातीशी धरून ती उंबऱ्याकडे निघाली. गाणी थांबली होती. मोठेबाबा दारात आडवे उभे राहिले. त्यांना अफूचं ऐकू गेलं नव्हतं किंवा ऐकायचं नव्हतं. त्यांच्या मते देवी कोपली होती.

"कुठं निघालीस? कानबाई बसली आहे. बसवणारी उठली तर देवी उठली. पोराला देवीपुढे ठेव, अंगारा लाव, पाया पड. इतके महिने उंबरा ओलांडलास म्हणून ही वेळ आली. आता तरी बस."

"याला अफू चढली आहे," माय म्हणाली. "आमच्या खात्यात एका बाईचं पोर असंच गेलं. डोळे मी बघितलेत. दवाखान्यात न्यायचं."

"खात्यातलं शहाणपण खात्यात!"

"दादा, बाजूला व्हा."

"पुरुषमाणसं उभी आहेत आणि तू..."

तेव्हा माझ्या मायने, जिने मोठेबाबांसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "दोन पोरं गेली तेव्हा मी घरातच होते. चुलीपाशीच बसलेली होते. दोन्ही डाव असाच अंगारा लावत बसले. आता बाजूला व्हा, नाहीतर मी तुम्हाला ढकलीन."

आणि तिने ढकललं. खांद्याने. पासष्ट वर्षांचा माणूस, कमरेला धुतलेलं धोतर, ओट्यावरून खाली उतरला. मी त्या घरात भांडणं पाहिली होती, मार पाहिला होता, पण बाईने वडील माणसाला हात लावलेला कधी पाहिला नव्हता. बासुद्धा तोंड उघडं टाकून नुसता उभा होता. माझे पाय आपोआप मायच्या मागे गेले.

शेवंताबाई आपल्या दारात होती. तिला रोटाला बोलावलेलं नव्हतं, ती परकी. मायला पळताना पाहून तिने काही विचारलं नाही. तिने भिकाची एक पापणी उघडून बघितली आणि रस्त्यावर जाऊन साड्यांच्या गाठी नेणाऱ्या टेम्पोपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली. टेम्पोवाला सुरती शिव्या देत थांबला. शेवंताबाईने त्याला दुप्पट दिल्या. आम्ही गाठींवर बसलो. माय भिकाच्या तोंडाला तोंड लावून फुंकत होती आणि शेवंताबाई त्याच्या तळपायांवर सारख्या टिचक्या मारत होती. "झोपू देऊ नको गं, झोपू देऊ नको," असं ती म्हणत होती. मी गाठीच्या दोरीला धरून बसले होते. मला एकच गोष्ट दिसत होती, सहाणेवरची काळी रेघ.

मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, गुजराती. त्याने डोळे पाहून लगेच ओळखलं. "अफीण? केटली आपी?" किती दिली. मायने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "फुईने दिली. मोहरीएवढी." डॉक्टर म्हणाला, मोहरीएवढीने एवढं होत नाही, रोजची सवय असेल तर नाहीच. मी पुढे बोलले नाही. त्यांनी भिकाच्या नाकातून नळी घातली. एक नर्स रबरी फुगा दाबत राहिली, त्याच्या छातीत वारा भरत राहिली. तो फुगा फुस् फुस् करायचा आणि दर दोन फुस्‌मध्ये मी वाट बघायची. आजही सायकलच्या पंपाचा आवाज आला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

अंधार पडता पडता बा आला. त्याच्या हातात पितळी डबा होता. भाऊबंद न जेवता निघून गेले, त्याने सांगितलं. रोट तसाच पडला होता. बाला दुसरं काय करावं ते सुचलं नसावं, म्हणून डबा भरून आणला. मायने डबा उघडला, एक पुरणपोळी काढली आणि शेवंताबाईच्या हातावर ठेवली.

शेवंताबाई मागे सरकली. "मला कसं चालेल? हा तुमच्या भाऊबंदांचा."

"खा," माय म्हणाली. "माझ्या पोराच्या वाटची मूठ आहे यात. मी मोजलीय."

बा बघत होता. शेवंताबाईने पोळी खाल्ली. मग मायने खाल्ली, मग मला दिली. मला ती गिळेना. माय म्हणाली, "खा, रोट टाकायचा नसतो." घर सोडल्यापासून ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

चार दिवसांनी भिकाला घरी आणलं. तो रडत होता. सारखा, दिवसरात्र, लाथा झाडत. आम्ही चौघं, बा, माय, काका आणि मी, शिळा रोट खात होतो. पुनवेपर्यंत खाल्ला, शेवटी पोळ्यांना वास यायला लागला तरी तव्यावर कडक करून खाल्ला. पुढच्या रविवारी माय त्या रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन सत्संगाला गेली आणि बायकांच्या पुढच्या रांगेत जाऊन बसली. भजन सुरू होतं. भिका टाळांपेक्षा मोठ्याने रडत होता. मोठेबाबांनी डोळे वटारले. महाराजांनी टाळ थांबवून शांतपणे म्हटलं, "माउली, लेकराला उगी कर. आईच्या हातात लेकरू उगी राहतं."

"हा रडतो कारण हा जागा आहे, महाराज," माय म्हणाली. "बाकीच्यांना उठवून दाखवा."

महाराज हसले. "कोणाला उठवू?"

"ही सगळी. यांच्या आया घरात बसतात. यांना उठवा."

महाराज उठले. त्यांना वाटलं असेल, बाई दुःखाने बहकली आहे, तिचं मन राखावं. मोठेबाबांची सून पुढेच होती, मांडीवर आठ-नऊ महिन्यांचा मुलगा. महाराजांनी वाकून त्याच्या कानाशी चुटकी वाजवली. मग गाल थोपटला. मग टाळ कानापाशी नेऊन एकदा वाजवला. मुलगा हलला नाही. मोठेबाबांच्या सुनेने पोराला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "दिवसाला साठ साड्यांना टिकल्या लावायच्या असतात, महाराज. डिंक, सुया, कात्री. हा रांगतो. काय करू?" ती बाई कधी उंबऱ्याबाहेर जात नव्हती. मोठेबाबा तिचं उदाहरण देत. मग मागून कोणीतरी हुंदका दिला, आणि एकेका बाईने मान खाली घातली. मी मोजलं नाही, पण मान वर असलेली एकही आठवत नाही. प्रत्येक घरात हळदीच्या डब्यामागे तो कागद होता. खात्यात जाणारीच्या आणि घरात बसणारीच्याही.

महाराजांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. टाळ हातात धरून ते मधोमध उभे होते, कुठे बसावं हे न सुचल्यासारखे. इतके रविवार त्यांनी या झोपेला नमस्कार केला होता. त्यांनी भजन पुरं केलं नाही. खडीसाखरही वाटली नाही. पुढे ते आमच्या चाळीत येत राहिले, पण चूल, लेकरू आणि देवी हे पुन्हा त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. येताना एखाद्या झोपलेल्या पोराला आधी हाताने हलवून बघायचे. पोर रडलं की म्हणायचे, "हं, रडतंय. चांगलं आहे."

माय पुनवेनंतर कामावर गेली. भिकाला घेऊन गेली. बॉबिनच्या रिकाम्या खोक्यात जुनं लुगडं घालून त्याला यंत्राच्या मागे ठेवायची. मालक ओरडला, शेवंताबाई त्याच्याशी भांडली, मालक गप्प बसला. कुस खाऊन पोर खोकायचा, पण जागा असायचा. मोठेबाबा आमच्याकडे दोन वर्षं जेवले नाहीत. मी शाळेत गेले नाही. पुस्तकं दुसऱ्या कोणीतरी घेतली होती, आणि आता घरात स्वयंपाकाला कोणी नव्हतं, कारण फुई गेली होती.

फुईचं सांगते आणि संपवते. दवाखान्यातून आल्यावर बाने तिला विचारलं, खरं सांग किती दिली. ती म्हणाली, "सकाळी मोहरीएवढी." बा म्हणाला, डॉक्टर खोटं बोलतो का? दुसऱ्यांदा कोणी दिली? फुई कोपऱ्यात गुडघे धरून बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिला माहीत होतं. गोळी केवढी उरली होती हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? मी दाराच्या कडीशी खेळत होते. ती बाला म्हणाली, "मीच दिली असेल. म्हातारपण. आठवत नाही." बाने तिला दुसऱ्या दिवशी गाडीत बसवलं. जाताना तिने मायच्या पायावर डोकं ठेवलं आणि मायने पाय मागे घेतले. मी तेही पाहिलं आणि गप्प राहिले. गावी फुईला कोणी पोराजवळ बसू दिलं नाही, असं नंतर कळलं. तिसऱ्या वर्षी ती वारली.

मायला मी कधीच सांगितलं नाही. ती ऐंशीच्या पुढे जगली आणि मरेपर्यंत फुईचं नाव घेतलं की थुंकायची. तर माझ्या मुलाला माझं उत्तर एवढंच आहे. त्या दिवशी माझी माय घरात होती. भिकापासून आठ पावलांवर होती. तिला तिथे कोणी बसवलं होतं, का बसवलं होतं, आणि त्याने काय राखलं गेलं, हे मी वर लिहिलंय. आपल्या पोरीला पाळणाघरात सोडायला नातसून निघते तेव्हा मी एवढंच विचारते, तिथे पोर रडते का? ती म्हणते, हो, खूप रडते. मी म्हणते, मग जा.

भिका आता कामरेजला असतो, साठीला आला आहे, तीन नातवंडं आहेत, आणि त्याची झोप फार सावध आहे. त्या दिवशी खोलीत आम्ही जी चौघं होतो त्यांतली फुई आधी गेली आणि माय नंतर. भिका जगला. मी जगले.